मोनालीची वही आणि तातेरावची जीप

घनसावंगी-अंबड रस्त्यावर तातेराव एकोणीस वर्षं काळीपिवळी चालवत होता. कागदावर नऊ माणसांची जीप. तो चौदा-पंधरा सहज बसवायचा, तेही भांडण न होता. कुणाला कुठं उतरायचं, कुणाचे गुडघे दुखतात, कोणत्या बाईला गाडी लागते, सगळं त्याच्या डोक्यात. पण माणूस संशयी. एकदा एक अनोळखी इसम वही घेऊन दोन दिवस जीपमधून फिरला आणि तिसऱ्या दिवशी आरटीओनं गाडी पकडली. आठवडाभर ती ठाण्याच्या आवारात धूळ खात उभी होती. तेव्हापासून वही दिसली की तो सावध व्हायचा.

म्हणून जानेवारीत मोनालीनं वही काढली तसे त्याचे कान टवकारले. मोनाली रामकिसन गुरुजींची मुलगी, अंबडला कॉम्प्युटर शिकणारी. तीन वर्षं मधल्या सीटवर मुकाट बसणारी ही पोर आता दर थांब्याला मान वळवून माणसं मोजत होती, चौकोन काढत होती.

"त्या पोरीचा कुनी मामा-बिमा आरटीओत हाय का रे?" त्यानं राधेश्यामला विचारलं. राधेश्याम दुसऱ्या जीपचा ड्रायव्हर, आग लावून मजा बघणारा.

"असंल बी," तो म्हणाला. "कुनाचं काय सांगावं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून तातेराव मोजून नऊच घेऊ लागला. फाट्यावर भाजीची पाटी घेऊन उभ्या उषाबाईलाही त्यानं तिथंच सोडलं. संध्याकाळी तिनं भर स्टँडवर त्याचा उद्धार केला, तरी तो बधला नाही. आरशात त्याची नजर रस्त्यापेक्षा वहीवरच जास्त.

चौथ्या दिवशी पोरगीच पुढं वाकून म्हणाली, "काका, तीन दिवस झाले, नऊच मानसं कामून घेऊन राह्यले?"

तातेरावनं जीप कडेला दाबली. "वही दाखव आधी."

तिनं दिली. नुसते चौकोन, बाण, फुल्या.

"हे कुनाला देनार?"

"आमच्या सरला. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हाय. गेम बनवून राह्यले, काका. जीप भरायची. एकाला उतरायला दुसऱ्याला उठावं लागलं की हारलो."

तातेरावला पटलं नाही. रोज घाम काढून करायचं काम, त्याचा कुठं खेळ होतो? मग तिनं मोबाइल पुढं केला. रंगीत ठोकळ्यांची माणसं रांगेत उभी होती. त्यानं अंगठ्यानं एकेकाला बसवलं आणि पहिल्याच थांब्यावर हरला. मागच्या सीटवर हशा पिकला.

"बिलकुल चूक हाय हे!" तो उखडला. "म्हाताऱ्या मानसाला मागं न्हाई बसवत. आन् उलटीवाल्या बाईला खिडकी लागती." मोनाली लिहू लागली. "लिवू नको!" तो ओरडला. मग गिअर टाकता टाकता म्हणाला, "बरं, लिव. पन नऊच मानसं दाखव."

"नऊनं गेम लई सोपा होतो, काका."

जीप पुन्हा चौदा-पंधरांनी भरू लागली, उषाबाईही परत आली, तेव्हा कुठं फाट्यावरची कुरकुर थांबली. पुढचे दोन महिने तातेराव रोज एखादी गोष्ट सांगायचा आणि सांगून झालं की कुणी ऐकलं का म्हणून मागं बघायचा.

परीक्षेच्या दिवशी तो कॉलेजच्या गेटपाशी थांबला होता. तासाभरानं मोनालीच्या आधी एक चष्मेवाले गृहस्थ मोबाइल हातात धरून जीपकडे येताना दिसले. तातेरावनं स्टार्टर मारला आणि थेट घनसावंगी गाठली. मोनाली बिचारी एसटीनं आली.

"काल ते कोन होते?" सकाळी त्यानं विचारलं.

"आमचे सर. गेमचे नियम कुनी शिकवले, त्या मानसाला भेटायचं म्हनत आल्ते."

तातेराव आरसा पुसू लागला. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. "पास झालीस ना?" एवढंच त्यानं विचारलं.

तो गेम आता त्याच्या मोबाइलमध्ये आहे. बायको वंदना सातव्या पायरीवर पोचली, तातेराव चौथीवरच अडकलाय. मोनालीनं आपल्याला मुद्दाम अवघड टाकून दिला, असा त्याचा संशय आहे.