मोहन्याच्या रिकाम्या बिल्डिंगमधले दिवे

ठाण्याच्या कोपरीतल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी मी, त्यामुळे ताप तोही माझ्याच डोक्याला. बिल्डिंगची मोठी दुरुस्ती काढलीय: गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग, भिंतींना उष्णता अडवणारा थर, वर सोलर. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर जीव नकोसा होतो, मी तर एका पायावर तयार. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "मॅडम, मोहन्यातलं आमचं काम बघून या." काढली स्कूटर.

जाणार असाल तर सकाळीच निघा, माझ्यासारखा गाढवपणा करू नका. कळवा, मुंब्रा बायपास, शीळफाटा, मग कल्याण. ट्रकवाले अंगावर येतात, धूळ तर विचारूच नका. वाटेत मिसळ खाल्ली. रस्सा झकास, पाव शिळा. शहाडवरून मोहन्यात पोचेपर्यंत तिन्हीसांज झालेली.

ए विंगचं काम झालेलं. आत पाऊल टाकलं आणि खरंच गार! पण कुकरची शिट्टी नाही, टीव्ही नाही, पोरांचा दंगा नाही. दारोदार कुलपं.

"जुने भाडेकरू गेले ना मॅडम," वॉचमन म्हणाला. "काम झालं, भाडं वाढलं. नवीन लोक उशिरा येतात."

"आणि समोरची बी विंग?"

"तिचं काम व्हायचंय. रिकामीच आहे."

तेवढ्यात बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी उजळली. मग शेजारची. मग तिच्या पुढची. दोऱ्यांवर कपडेही वाळत होते, माणूस मात्र एक दिसेना. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वॉचमनकडे बघितलं, तर तो मान खाली घालून मोबाईल चाळत बसलेला.

मला कुठली स्वस्थता! गेले वर. एक दार उघडं होतं. देवापुढे दिवा, चटई अंथरलेली, घरात कोणी नाही. शेजारच्या घरातही तेच. मागून आवाज आला, "कोण गं तू? मालकाचं माणूस?"

हातात किल्ल्यांचा जुडगा घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई. कदम मावशी, नाव मागाहून कळलं.

"नाही हो मावशी, ठाण्याहून आलेय. दुरुस्ती बघायला."

"मग बघ की. कामासाठी म्हणून पाणी तोडलं, सगळे गावाला नाहीतर लेकीकडे गेले. ए विंगवाले असेच गेले, ते परत आलेच नाहीत. घर बंद दिसलं की मालक म्हणतो, सोडलं. म्हणून किल्ल्या माझ्याकडे. दिवा लावते, कोरडेच कपडे या दोरीवरून त्या दोरीवर टाकते."

"आणि तुम्ही?"

"मीपण भाडेकरूच. मला काय पांढरा रंग नको होय? उन्हाळ्यात भाजून निघतो गं आम्ही. पण गारवा येणार आणि आम्ही जाणार, मग तो गारवा कोणासाठी?"

मला स्वतःचाच राग आला. दुरुस्तीच्या गडबडीत आमच्या भाडेकरूंना मी काही विचारलंच नव्हतं.

आमच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, भाडेकरू परत येणार, त्याच भाड्यात राहणार, हे घरमालकांनी आधी कागदावर द्यावं. दिव्यांचं मात्र बोलले नाही, हसले असते सगळे. चेअरमन म्हणाले, "अगं, काम तर होऊ दे, मग बघू."

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरचे भाडेकरू सावंतकाका दारात आले. माझ्या हातात घराची किल्ली ठेवली.

"कामाचं ऐकलं. गावाला जातोय. संध्याकाळचा दिवा लावशील ना, बाय? घर बंद दिसायला नको."

आत्ताच त्यांच्याकडे दिवा लावून आलेय. कॉन्ट्रॅक्टवर सेक्रेटरीची सही लागते. ती मी केलेली नाही, आणि काकांच्या परतीचा कागद हातात येईपर्यंत करणारही नाही.