संतोषसाठी, ‘आनुवंशिक’ या शब्दाबद्दल

संतोष गेला त्याला आज वर्ष झालं.
त्याला घराबाहेर काढणारा शब्द माझा होता.

संतोष माझ्या आत्याचा मुलगा, सांगोल्याचा. लहानपणापासून सगळे मला त्याची नवरी म्हणून चिडवायचे.

मी एम.एस्सी. झूलॉजीला असताना खरंच बोलणी निघाली. तो सोलापूरला आला आणि स्टँडबाहेर रस पिता पिता म्हणाला, "तुझ्यात काय कमी न्हाय गं. मला पोरीच नकोत. पोरं आवडत्यात."

मला राग आला नाही. उलट मोठं काम मिळाल्यासारखं वाटलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. समजावून सांगणार मीच की.

पुढच्या आठवड्यात आत्या आणि तिचे यजमान, म्हणजे मामा, घरी आले.
"तुला नको म्हणतोय त्यो. का गं?" आत्या रडत होती.

त्याला पोरं आवडतात, हे मी सांगून टाकलं आणि वर लेक्चरच दिलं.
माकडांत नर नराशी, मादी मादीशी संबंध ठेवतात. काही जातींत ते रोजचंच. असे नर भांडणात एकमेकांची बाजू घेतात. त्यांना पिल्लंही होतात. उत्क्रांतीनं हे पुसून टाकलेलं नाही.
"आणि थोडंफार आनुवंशिकही असतं."

यात त्याची काही चूक नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.

मामांनी तेवढा एकच शब्द उचलला.
"म्हंजे रक्तातनं आलंय. आमच्यात तर असलं कुणी न्हाय."
आणि त्यांनी आत्याकडे बघितलं.

आत्याचं माहेर त्या दिवशी तुटलं.

मी मामांना फोन करून सांगत राहिले. एकच जीन नसतो, पुष्कळ असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. घराणं बघून काही सांगता येत नाही.
कोण ऐकतंय?

मामा भावकीत बोलले. संतोषच्या बहिणीची टेंभुर्णीची सोयरीक मोडली. "घराण्यातच हाय म्हणं," असा निरोप आला.
मामा त्याला म्हणाले, "बहिणीचं लगीन हुईस्तवर हितं दिसू नको."

पुण्याला जाताना त्यानं मला फोन केला.
"मला माकड म्हणालीस व्हय?"
मी रडायला लागले.
"अगं, तुला कळावं म्हणून सांगितलं हुतं. त्यांना शिकवायला न्हाय."

आठ महिन्यांनी कावीळ झाली. त्यानं ती अंगावर काढली. रूममेटनं हॉस्पिटलमध्ये नेलं तोवर उशीर झाला होता. घरचे पोचायच्या आधीच गेला.

हे सगळं आता गावभर माहीत आहे, म्हणून लिहिते.

त्याच्या बाजूनं बोलायला मला माकडं का लागली?
"तो आपला संतोष आहे," हे मी म्हणालेच नाही.

आज सकाळी आत्यानं मामांना चोरून फोन केला.
"तू शिकलेली हाईस. खरं सांग. माज्यामुळंच झालं न्हवं त्याला?"
"झालं म्हणजे काय आत्या? तो आजार नव्हता गं."
"मग रक्तातलं म्हणालीस ते?"

मी पुन्हा सांगितलं. सोप्यात सोपं करून, दहा मिनिटं.
तिनं सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाली, "व्हय बाई. माज्याच रक्ताचा हुता त्यो."

फोन ठेवला.

संतोष, श्रद्धांजली वगैरे लिहायचा धीर होत नाही. शब्द वापरायची भीती वाटते आता.

जा. नीट जा.