पाट्याला टाकी

पाट्यावर चटणी बारीक वाटली जाईना, म्हणून टाकी लावणाऱ्या शेवंताबाईंना बोलावलं. छिन्नी-हातोडीनं त्या पाट्यावर खाचा पाडायला लागल्या. आयुष्यभर भूगोल शिकवलेला, त्यामुळे मला गप्प बसवेना. म्हटलं, "हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. तुमच्याखालची शहाबादी फरशी समुद्रतळाशी थरावर थर साचून झाली. आणि देवघरातला संगमरवर असाच चुनखडीचा दगड, जमिनीखालच्या उष्णतेनं नि दाबानं पालटलेला."

"असंल," त्या म्हणाल्या. "मला छिन्नीखाली कळतं. ह्यो ठिणगी टाकतो, फरशी पापुद्र्यानं सुटती, संगमरवराची साखर होती."

माझे तीन धडे त्यांनी एका वाक्यात संपवले. दगड कसा घडतो ते मी सांगत आले होते. दगड घडवता घडवता माणसाचं काय होतं, ते कुठल्याच धड्यात नव्हतं.

काम झाल्यावर त्यांनी पाटा धुतला, माझा हात धरला आणि त्यावरून फिरवला.

"खरखरीत लागतंय का, बाई? माझी बोटं गुळगुळीत झाल्यात. मला आता समजत न्हाई."