न खणलेली पट्टी

शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी रे रोडच्या वखारीत होतो. "हे गेले, भावोजी," एवढंच त्या म्हणाल्या. महिना उलटला, तरी काळाचौकीच्या आमच्या चाळीचा जिना चढताना वरून मिलिंदची हाक येईल असं वाटायचं... यायची नाही. फार राग येतो त्याचा.

मिलिंद माझा बालमित्र. मी लाकडाच्या धंद्याला चिकटलो, तो पुरातत्त्वज्ञ झाला. जगातली जुनी शहरं एकमेकांशी ताडून पाहायची, हे त्याचं काम. आणि त्यासाठी गड्याने माप निवडलं ते मोरीचं! चाळीत वाढलेल्याला दुसरं काय सुचणार? "मेसोपोटेमियातली देवळं बघ केवढाली," तो म्हणायचा. "सिंधूकाठी तसलं देऊळ सापडत नाही रे, पण साध्या घरातही न्हाणी आहे, गल्लीत गटार आहे. आता सांग, मोठं शहर कुठलं?" मी म्हणायचो, "आपल्या मजल्यावरची मोरी तुंबलीय, आधी तिचं बघ." मग तो हसत काठी घेऊन निघायचा.

एकदा गुजरातेतलं उत्खनन आटोपून आला. फोटोत खड्ड्याच्या मधोमध मातीची एक पट्टी तशीच उभी. "अर्धवट सोडून आलास?" मी विचारलं.

"सगळं खणायचं नसतं. आपल्या हातून चुका होतात. मागून कुणी शहाणा येईल, त्याला तपासायला थोडं जागेवर ठेवायचं."

हा नियम त्याच्या अंगात इतका मुरला होता की ताटातही शेवटचा घास ठेवायचा आणि वहिनींची बोलणी खायचा.

चाळ पाडायचं ठरलं तेव्हा मात्र तो खचला. "टॉवरचा पाया किती खोल जाणार, ठाऊक आहे? हजारो वर्षांपूर्वीच्या बाईची चूल मला सापडते रे. माझ्या आईची कुणाला सापडणार?" खोली सोडायच्या आधीच त्याच्या छातीत कळ आली.

गेल्या रविवारी आम्ही खोली रिकामी केली. कपाट, भांडी, पुस्तकं, बुद्धाची मूर्ती, सगळं खाली गेलं. मोरीच्या कडेला हातभर जागा तेवढी तशीच होती. तिथे त्याचा कान तुटलेला कप, चपला, माती झाडायचा ब्रश. मी केरसुणी उचलली.

"तेवढं राहू द्या, भावोजी."

"वहिनी, उद्या पाडतायत..."

"ठाऊक आहे. तरी राहू द्या."

मी केरसुणी ठेवली. वहिनींनी दाराला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि खाली येऊन किल्ली बिल्डरच्या माणसाच्या हातात दिली.