अण्णांचं वजन

माझी धाकटी बहीण लांब पल्ल्याची धावपटू. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या आमच्या वडिलांना, अण्णांना, तीच रोज पलंगावरून खुर्चीत उचलून बसवायची. अण्णा बोबड्या जिभेने म्हणायचे, "जपून गं."

"त्यांच्यापायी तुझं धावणं बुडतंय," आम्ही भावंडं, फुकटचे शहाणे, सुनावायचो.

अण्णा गेले. आता धाव पोटभर, म्हटलं. तर काही महिन्यांतच तिची पोटरी धरली, मग गुडघा गेला.

प्रशिक्षक खेकसले, "पायांत ताकदच नाही! वजनं उचलायचं का सोडलंस?"

"मी कधी उचलली वजनं?" म्हणता म्हणता तिचे हात अण्णांना उचलताना व्हायचे तसे पुढे झाले.

आता ती व्यायामशाळेत वेड्यासारखी वजनं उचलते. काल रडत म्हणाली, "दादा, हे मेलं लोखंड 'जपून गं' म्हणत नाही रे."