आईचं पहिलं ‘नको’

वडील गेल्यावर सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर रिकामं करायला आम्हाला जी मुदत मिळाली होती, ती संपत आली होती. आईने पुढे कुठे राहायचं हे ठरवायला माझ्या मोठ्या भावाने एका रविवारी दुपारी आम्हाला नोएडाला जेवायला नेलं. घरी बसूनही ठरवता आलं असतं. पण दादा तोवर अशा कंपनीत लागला होता, जिथे सगळे निर्णय जेवताना होत. माणसाला बढती द्यायची असली तरी जेवायला नेत, घरी पाठवायचं असलं तरी जेवायला नेत, आणि हॉटेल तेच असे. त्यामुळे सूप संपेपर्यंत बिचाऱ्याला आपण कशाला आलो आहोत ते कळत नसे.

आईला मात्र माहीत होतं आपण कशाला चाललो आहोत ते. दोनच पर्याय होते: नोएडाला दादाचा नवा फ्लॅट किंवा सोलापूरला मामाचं घर. तिला दादाकडे जायचं होतं. तसं ती कधी म्हणाली नाही, पण त्या महिन्यात तिने मला विचारलं होतं, की चौथ्या मजल्यावर तुळस जगते का. दादाच्या फ्लॅटवर गेलो, तेव्हा तिने वहिनीला दुधाचं बूथ कुठे आहे, पाणी किती वाजता येतं आणि मागच्या खोलीत ऊन कधी येतं हे सगळं विचारून घेतलं होतं. मागच्या खोलीत व्यायामाची सायकल होती. तिच्यावर टॉवेल वाळत होते.

माझं घर हा पर्याय कुणी मोजतच नव्हतं, मीही नाही. मी दर्यागंजात एका प्रकाशकाकडे प्रुफं तपासत असे आणि जंगपुऱ्यातल्या एका घराच्या गच्चीवर, दिल्लीत जिला बरसाती म्हणतात तसल्या एकाच खोलीत राहत असे. ती खोली पुस्तकांनी भरलेली होती. पुस्तकं हलवता येतात, हे मला त्या काळात सुचलं नाही.

बाहेर जेवण्याच्या बाबतीत आमचं घराणं तसं अडाणीच. वडील एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. बाहेर जेवणं ही दौऱ्यावर असलेल्या माणसाने करायची गोष्ट आहे, मुख्यालयात असताना त्याचं समर्थन करता येत नाही, असं त्यांचं मत होतं. महाराष्ट्रातून कुणी पाहुणे आले, की त्यांना कुतुबमिनार दाखवून झाल्यावर वडील एखाद्या राज्याच्या भवनातल्या कँटीनमध्ये नेत. तिथे स्टीलच्या ताटात भाताचे डोंगर होत. वाढपी तुमच्याकडे न बघता वाढत असे, आणि तुमच्या खुर्चीमागे पुढचा माणूस आधीच येऊन उभा असे. वडिलांना ती जागा फार आवडे. “इथे आपल्याला कुणी काही समजत नाही,” असं ते म्हणत, आणि ती त्या जागेची स्तुती असे.

आणि ढाबा. उन्हाळ्यात कधी शिमल्याला जायचं झालं, तर पानिपतच्या अलीकडे वडील बस थांबायची वाटच बघत असत. “आपली माणसं इथे उपाशीपोटी लढली,” ते म्हणत. “आपण जेवूनच पुढे जायचं.” मग खाटेवर बसून, फळीवर ठेवलेल्या थाळीतले पराठे आम्ही खात असू. ढाबेवाला सरदारजी समोर उभा राहून, मागितलेलं नसताना पांढऱ्या लोण्याचा गोळा टाकत असे. आई “नहीं नहीं” म्हणे. तो “ओ बहनजी, खाओ” म्हणे आणि टाके. आईला पंजाब्यांचं फारसं काही पटत नसे, पण त्या माणसाबद्दल ती घरी येऊन चांगलं बोलली.

मग बाजार खुला झाला. देशाची दारं उघडली, असं वर्तमानपत्रं रोज लिहीत. आमच्या अनुभवात पहिलं उघडलं ते हॉटेलचं दार, आणि ते आपण स्वतः उघडायचं नव्हतं. फेटा बांधलेला, मिशांना पीळ दिलेला एक माणूस ते उघडत असे, आणि मी दर वेळी त्याला नमस्कार करावा की नाही या विचारात दाराला अडथळा होऊन उभा राहत असे. आत गेल्यावर पाणी मागितलं, की कुठलं, असं विचारू लागले. साधं म्हणणाऱ्याला त्या टेबलावर पुढे काही भवितव्य नसे. मेन्यूकार्ड कोर्टातल्या फाइलीएवढं जाड झालं. उडदाच्या डाळीला चार ओळींचं चरित्र मिळालं, की ती कुठल्या सरहद्दीवरून आली आणि किती तास मंद आचेवर होती. एवढी माहिती आमच्याकडे फक्त स्थळाची काढत.

या सगळ्यात माणसं चांगली जेवत असतील तर माझी हरकत नव्हती. पण मी बघत होतो ते असं, की लोक जेवायला येत नव्हते, आपण इथे जेवू शकतो हे सांगायला येत होते. समोरच्या पदार्थापेक्षा शेजारच्या टेबलाकडे त्यांचं जास्त लक्ष असे. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेली त्यांची आईबापं कडेला बसून पोळीच्या तुकड्याने ताट पुसत असत आणि मुलं त्यांना हळूच सांगत, “पापा, ऐसे नहीं।”

नोएडाचं ते हॉटेल ढाब्यासारखं केलेलं होतं. म्हणजे एअर कंडिशनर पूर्ण जोरात, आणि भिंतीतून अर्धा ट्रक बाहेर आलेला. ट्रक खरा होता. त्याला पुढची चाकं होती, दिवे लागत होते, मागच्या अर्ध्याचं काय केलं ते कळायला मार्ग नव्हता. कोपऱ्यात खाट होती, तिच्यावर बसायची मनाई होती. वेटरांना लुंगी आणि पगडी घातली होती. आमचा वेटर गढवालचा निघाला. आईने विचारलं, तर म्हणाला, त्याने असली लुंगी आयुष्यात पहिल्यांदा इथेच घातली, आणि ती आतून पिनेने टाचलेली आहे.

“कसं आहे, आई?” दादाने विचारलं. “एकदम अथेंटिक ना?”

“थंडी वाजतेय,” आई म्हणाली.

“अच्छा, शाल द्या त्यांना,” दादा वेटरला हिंदीतून म्हणाला. शाल आली. तिच्यावरही हॉटेलचं नाव होतं.

आता इथे आमच्या घरातली एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडे पहिलं ‘नको’ हे उत्तर नसतं. वाढायला आलेल्याला पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘अगं पुरे’ म्हणायचं, तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा, पण बोटांत फट ठेवून. मग वाढायचं. मंत्रालयातली फाइल जशी दोनतीनदा वरखाली गेल्याशिवाय मंजूर होत नाही, तसं. पहिल्या विचारण्याला ‘हो’ म्हणणारा पाहुणा हावरट, आणि एकदाच विचारणारा यजमान कद्रू. माणसाला हवं आहे का, हे त्यात कुणी विचारत नव्हतंच. तू आम्हाला हवा आहेस, असं यजमान सांगत असे, आणि त्याला ते तीनदा सांगावं लागे. आई ही रीत कोळून प्यायली होती. दादा आणि मी तिच्याच स्वयंपाकघरात वाढलो होतो.

गढवाली वेटर रोट्यांची टोपली घेऊन आला. “और रोटी, माताजी?”

“नहीं नहीं, बस.”

“ठीक है जी,” असं म्हणून तो टोपली घेऊन गेला. आईने एकच रोटी खाल्ली होती. ती त्या टोपलीकडे बघत राहिली. डाळीची छोटी तांब्याची बादली तिच्यापुढे अर्धी भरलेली होती आणि आता ती कशाशी खायची हा प्रश्न होता. पोरगा चुकला नव्हता. त्याला शिकवलं होतं, गिऱ्हाइकाचा शब्द पाळायचा. मी हात वर केला, पण तो दुसऱ्या टेबलाकडे वळला होता.

“काही नाही रे,” आई म्हणाली. “तशीही मला भूक नव्हती.”

वहिनीने तोवर गोड मागवलं होतं, तापलेल्या लोखंडी तव्यावर केक आणि त्यावर आइस्क्रीम. ते चरचरत, धूर सोडत आलं. सगळं हॉटेल वळून बघू लागलं, आणि दादाने तो क्षण निवडला.

“आई, मी काय म्हणतो,” तो म्हणाला. “आपल्यात बिल्कुल फॉर्मॅलिटी नको. दोन्ही ऑप्शन ओपन आहेत. मामा तर तयारच आहेत. आणि तुला आमच्याकडे शिफ्ट व्हायचं असेल, तरी आम्ही अॅडजस्ट करू. तू सांग. येतेस का आमच्याकडे?”

आईने शालीचं टोक नीट केलं. “नको रे,” ती म्हणाली. “तुमचा तुमचा संसार. मी कशाला मध्ये?”

“शुअर?”

ते विचारणं नव्हतं. कॉम्प्युटरही फाइल पुसायच्या आधी एवढं विचारतो.

“माझं काय,” आई म्हणाली.

“ओके,” दादा म्हणाला. “मग मी आजच मामांना फोन करतो. बरं झालं, आई, तू क्लिअर बोललीस. लोक किती ताणत बसतात.”

“आणि तिकडे तुमची माणसं आहेत, आई,” वहिनी म्हणाली. “इथे आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. तुम्ही बोअर व्हाल.” ती वाईट नव्हती. दिल्लीत वाढलेली होती, घरचं मराठीही अर्धं हिंदीतून बोलायची, आणि तिच्या माहेरी ‘नको’चा अर्थ ‘नको’ असाच झाला असेल. तिला मी दोष देत नाही.

दादाला ते कळलं नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगत आलो. नव्या नोकरीने त्याला आपल्या रीती विसरायला लावल्या, हे वाक्य ऐकायलाही बरं लागतं आणि त्यात एका युगावर टीका होते. पण ते खोटं आहे. आईचं उत्तर ऐकून दादा खुर्चीत मागे रेलला, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. मला कळलं आहे हेही त्याला कळलं होतं. त्या बैठकीत रीत न कळणारी माणसं दोनच होती, वेटर आणि वहिनी.

मी बोलणार होतो. ‘दादा, अजून एकदा विचार,’ एवढं म्हणायचं होतं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस निघाला आणि लुंगीवाले सगळे वेटर ढोल घेऊन आले. त्यांनी टाळ्या वाजवल्या, एका लठ्ठ गृहस्थाला मधे उभं करून नाचवलं. ढोलापुढे कुणाचंच ऐकू येत नव्हतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ढोल तीन मिनिटं वाजला असेल. त्यानंतर आम्ही अर्धा तास तिथे बसलो होतो. दादाने कॉफी मागवली. माझ्या आणि त्याच्या शाळेतल्या कुठल्यातरी मास्तरची नक्कल केली, आणि मी हसलो.

आईही हसली. ती पाहुण्यासारखी वागत होती. पाहुण्याने यजमानाला अवघडून टाकू नये, हेही त्याच रीतीत येतं.

परत येताना दादाने नव्या पुलावरून गाडी नेली. यमुना काळी होती, पूल गुळगुळीत होता. दादा म्हणाला, आता सरोजिनी नगर ते नोएडा अंतर काहीच राहिलं नाही. आईने, हो का, असं विचारलं.

पुढच्या पंधरा दिवसांत मी क्वार्टरवर राहायला गेलो, सामान बांधायला. आई चहाचे कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती. दादाचा फोन येऊन गेला होता. मामाने खोलीला रंग दिला, दरवाज्याशीच बाजार आहे, डॉक्टर समोर आहे.

“एकदाच विचारलं त्याने,” आई म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

“दादा घाईत असतो,” मी म्हणालो. “त्याच्या लक्षात आलं नसेल.”

“हो.” तिने आणखी एक कप गुंडाळला. “पण त्याने एकदा तरी विचारलं.”

मी खोक्याला दोरी बांधत होतो. गाठ नीट बसत नव्हती म्हणून मी ती सोडली आणि पुन्हा बांधली. मग विचारलं, “माझ्याकडे येतेस?”

“नको रे,” आई म्हणाली. “तुझी एकच खोली.”

ती थांबली. हातातला कप तिने कागदावर ठेवला होता, पण गुंडाळायला घेतला नव्हता. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग तिने तो गुंडाळला आणि खोक्यात ठेवला, आणि म्हणाली की गाडी दुपारची आहे, पोळीभाजी बरोबर घेते, स्टेशनवरचं खायला नको.