दोनदा मोजलेली बाळं

इस्पितळाच्या ग्रंथालयातल्या बाईंना सगळे चाळणीबाई म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. एखाद्या उपचारावर जगभरात कुणी काय अभ्यास केला ते ढिगाने गोळा करायचं, बिनकामाचं गाळायचं आणि उरलेलं एकत्र करून डॉक्टरांना एक उत्तर द्यायचं, हाच त्यांचा उद्योग. त्यात शिस्त कडक. एकच ढीग दोघांनी वेगवेगळा चाळायचा, संपेपर्यंत एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही.

यंदाचा प्रश्न होता अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा. आयांना त्यांच्याजवळ दिवसभर बसू दिलं तर जंतूंची लागण वाढते का? इथे आयांनी काचेतूनच बघायचं, असा जुना दंडक. काम अर्ध्यावर आलं आणि बाईंच्याच लेकीला सातव्या महिन्यात मुलगी झाली. आता आली का पंचाईत! बाई मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "माझा जीव यात अडकलाय, मला बाजूला करा."

"तसं अहवालात लिहा," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या जागी चाळायला दुसरं आहे कोण इथे?"

उत्तर चांगलं आलं. लागण वाढत नाही, उलट बाळं लवकर घरी जातात. दुसऱ्या दिवशी बैठकीत सही झाली की दार उघडणार होतं. काचेला नाक लावून बसलेल्या लेकीने विचारलं, "आई, उद्या घेता येईल ना गं तिला?"

"येईल की," बाई बोलून बसल्या.

आणि दुपारी अहवालावर शेवटची नजर फिरवताना थबकल्या. दोन अभ्यास, लेखक वेगळे, साल वेगळं. पण दोन्हींत छत गळून बाळांची खोली मधेच बंद पडलेली आणि दोन्हींत एकेक तिळं. अहो, छत कुठेही गळेल, पण तिळ्यांसकट? तीच बाळं दोनदा छापलेली आणि यांनी दोनदा मोजलेली. एकच अभ्यास दोनदा आला नाही ना, हे ताडून बघायचं काम बाईंनीच केलं होतं, लेकीच्या बाळंतपणाच्या धावपळीत.

खोटं कशाला बोला, गप्प बसावं असं त्यांच्या मनात आलं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण काचेआड त्यांचीच नात होती. चुकीच्या हिशेबावर दार उघडलं आणि तिलाच काही झालं तर?

त्या उठल्या आणि त्यांच्यासोबत चाळणाऱ्या चष्मेवाल्या डॉक्टरकडे गेल्या. "माती खाल्ली मी. एक अभ्यास दोनदा धरलाय."

तो ओशाळला. "मीही वाचले होते की ते दोन्ही."

एक काढून त्याने पुन्हा गणित मांडलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"बाई, बघा तरी," तो शेवटी म्हणाला.

फायदा थोडा कमी दिसत होता, पण उत्तर तेच होतं. लागण वाढत नव्हती. बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी लगेच अहवालातला आकडा बदलला.

बैठकीत त्यांनी चूक सगळ्यांपुढे सांगितली. मोठे डॉक्टर जरा कावले आणि मग त्यांनी सही केली.

संध्याकाळी लेक हात धुऊन आत गेली. नर्सने बाळ तिच्या छातीशी दिलं आणि बाईंना हाक मारली, "तुम्हीही या ना आत."

"अभ्यास आयांचा होता गं, आज्यांचा नाही," बाई म्हणाल्या, आणि काचेला नाक लावून मनसोक्त रडल्या.